कारखान्याची घरपट्टी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख वाचला. सवलती दिल्या नाहीत तर उद्योग शेजारच्या राज्यात जातात, हा आपला सूर ओळखीचा आहे. वेदान्त आणि फॉक्सकॉन या दोन कंपन्यांच्या भागीदारीतल्या चिप प्रकल्पाचे उदाहरणही अपेक्षेप्रमाणे आलेच. 2022 मध्ये तळेगावऐवजी तो प्रकल्प गुजरातला गेला, हे खरे. पण जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, हे लिहायला आपल्याला जागा उरली नसावी. असो.

राज्य सरकार 1964 पासून उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना राबवते आहे. वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, भरलेल्या राज्य जीएसटीचा परतावा. हे सगळे मुंबईत ठरते आणि तिथे आम्हाला कोणी विचारत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान गोष्टीबद्दल आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 125 प्रमाणे कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार ग्रामपंचायतीला करता येतो. हा करार गावाच्या नावाने होतो. तो गावकऱ्याला वाचता येतो का, हे आपल्या अग्रलेखकाने एकदा पाहून यावे.

मी पाहिले आहे. पुतणीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता, म्हणून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे असते) म्हणाले, "काका, आधी घरपट्टी भरा." भरली, पावती घेतली. सहज विचारले, समोरच्या कारखान्याची किती येते? "त्यांचं ठोक आहे." ठोक म्हणजे किती? "ते करारात आहे." मग करार दाखवा. "दप्तर वर पाठवलंय." वर म्हणजे कुठे, हे त्यांनाही सांगता आले नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आले की, मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची असून व्यापारी गोपनीयतेत मोडते, सबब देता येत नाही. कारखाना माल कसा बनवतो ते मी विचारले नव्हते. गावाला तो किती पैसे देतो, एवढेच विचारले होते. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नाही, असे त्याच कायद्याच्या कलम 8 मध्ये लिहिले आहे. केंद्र सरकारसुद्धा सवलतींपायी बुडालेल्या महसुलाचे विवरण 2006-07 पासून अर्थसंकल्पासोबत संसदेत ठेवते. आमची ग्रामपंचायत मात्र त्याहून मोठी असावी.

ग्रामसभेतही विषय काढला. विषयपत्रिकेवर नाही, ऐनवेळच्या विषयांत घेऊ, असे उत्तर मिळाले. ऐनवेळचे विषय येईपर्यंत मंडपात सतरंजी गोळा करणारी मुले तेवढी उरली होती.

आता नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, बघा. त्या नोंदवहीत माझ्या घराची भिंत कशाची, छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, पडवी किती फुटांची, सगळे लिहिलेले आहे. मागे अंगणात न्हाणीघर बांधले तेव्हा तेही चढवले गेले, आणि त्या कामात कुठे दिरंगाई झाली नाही. ग्रामपंचायत सदस्याने मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. थकबाकीदारांची नावे फलकावर लागतात, त्यात म्हाताऱ्या विधवाही असतात. एवढी काटेकोर नजर कारखान्याच्या फाटकापाशीच का अडते?

सवलत देऊच नका, असे मी म्हणत नाही. गावातली काही पोरे त्या कारखान्यात कंत्राटदाराकडे का होईना, कामाला आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये याच फॉक्सकॉनने 2017 मध्ये 13,000 नोकऱ्यांचे आश्वासन देऊन सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती पदरात पाडून घेतल्या होत्या. नोकऱ्या आल्या नाहीत. 2021 मध्ये करार बदलला: 1,454 नोकऱ्या आणि जास्तीत जास्त आठ कोटी डॉलर. हे करता आले, कारण किती नोकऱ्यांवर किती सवलत हे करारात लिहिलेले होते आणि तो करार लोकांसमोर होता. तिथल्या गावाने जमिनी आणि रस्त्यांवर घातलेला पैसा तरीही अडकलाच, ते वेगळे. आमच्याकडे कारखान्याने काय कबूल केले होते हेच ठाऊक नाही, मग चुकला म्हणायचे कोणत्या तोंडाने?

जाता जाता, जानेवारी 2025 मध्ये दावोसला पंधरा लाख कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार झाले तेव्हा हस्तांदोलनांचे फोटो सगळीकडे झळकले. त्यातले प्रत्यक्षात किती उतरले, याचा हिशेबही आपण तेवढ्याच मोठ्या टायपात छापाल अशी आशा आहे. आणि आपल्या अंकाला अलीकडे पहिल्या पानाआधी जाहिरातीची आणखी चार पाने असतात. बातमी शोधेपर्यंत चहा निवतो.

माझ्या मागच्या पत्रातला घरपट्टीचा मजकूर आपण जागेअभावी गाळला आणि हवापाण्याचे दोन परिच्छेद ठेवले. या वेळी कापायचेच झाले तर विस्कॉन्सिन कापा, नमुना 8 राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव-पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)