पुडीवरही लिहा, आत काय आहे ते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कराडमध्ये गेली 19 वर्षं मी ब्यूटी पार्लर चालवते. तीन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि मदतीला दोन मुली, एवढाच पसारा. शाम्पूच्या पुड्यांवर काय छापलेलं नसतं, याबद्दल मला लिहायचं आहे. पण ते माझ्या ध्यानात कसं आलं, हे आधी सांगावं लागेल.

2021 च्या पावसाळ्यात उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायला लागली. आधी बारीक पुरळ, मग पाण्याचे फोड, मग कातडी जाड होऊन चिरा. भाकरी थापताना पीठ त्या चिरांत जाऊन बसायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. घरच्यांनी ठरवून टाकलं की हे हेअर डायमुळे आहे. मलाही ते पटलं, कारण काळ्या डायमधल्या पीपीडी या रंगद्रव्याची ॲलर्जी आमच्या धंद्यात सगळ्यांना ऐकून माहीत असते. डाय लावताना मी हातमोजे घालायला लागले, पुढे ते काम पूर्णपणे मुलींकडे सोपवलं. हात काही बरे होईनात. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटायचं, बंद केली की पुन्हा दुप्पट. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे कळायला आठ महिने गेले. तोवर मनगटाजवळची कातडी कागदासारखी पातळ झाली होती.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी घर रंगवायला काढलं. मी ब्रशला हातही लावला नाही, पण दुसऱ्या दिवशी रात्री चेहरा सुजला आणि सकाळी पापण्या उघडेनात. कोल्हापूरच्या ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी हात बघितले, चेहरा बघितला आणि विचारलं, "रंग पाण्यात कालवायचा होता का?" हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग पॅच टेस्ट करूनच घेऊ."

पॅच टेस्टमध्ये सुई नसते. छोट्या छोट्या चकत्यांत एकेक संशयित द्रव्य घालून पाठीवर पट्ट्या चिकटवतात. आपल्याकडच्या रुग्णांसाठी ठरवलेला द्रव्यांचा एक भारतीय संचही आहे. सोमवारी लावल्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा बघितलं. तोपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पीपीडीच्या जागी कातडी स्वच्छ होती. लाल, फुगीर, बारीक फोडांचा गोल उमटला होता तो भलत्याच द्रव्याच्या जागी. बाईंनी कागदावर नाव लिहून दिलं, मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन. ही जोडी सौंदर्यप्रसाधनं टिकावीत म्हणून घालतात. शाम्पूत असते, लिक्विड सोपमध्ये असते, ओल्या वाइप्समध्ये, भांड्यांच्या लिक्विडमध्ये आणि पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगातही. रंग वाळत असताना ती हवेत उतरते, म्हणून हात न लावताही माझा चेहरा सुजला.

दीड वर्ष मी डायला दोष देत बसले. डायला हातमोजे घालायचे आणि दिवसाला दहा-बारा जणींचे केस मात्र उघड्या हातांनी धुवायचे.

हे लवकर कळत नाही, त्याला कारण आहे. ही ॲलर्जी लावल्याबरोबर उठत नाही, एक-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी उठते. तोवर परवा काय लावलं होतं हे कोणाला आठवणार? शिवाय ती नव्या वस्तूचीच येते असंही नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूला शरीर एक दिवस ओळखायला लागतं आणि एकदा ओळखलं की सहसा विसरत नाही. "मी तर हाच शाम्पू पहिल्यापासून वापरते" हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं आहे आणि स्वतःही बोलले आहे.

प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल टिकवणारी अशी द्रव्यं, नकोतच, असं मी म्हणत नाही. जिथे पाणी आहे तिथे बुरशी आणि जंतू येणारच. कोरडं उटणं डब्यात वर्षभर राहतं, तेच दुधात कालवलं की दुसऱ्या दिवशी आंबतं. क्रीमचंही तसंच, आणि जंतू झालेलं क्रीम डोळ्यांभोवती लावणं जास्त धोक्याचं. प्रश्न कोणतं द्रव्य, किती आणि कुठे, हा आहे. पॅराबेन या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हला सगळ्यांनी इतकं बदनाम केलं की "पॅराबेन फ्री" बघूनच बाटली उचलली जाते. ॲलर्जीच्या बाबतीत मात्र पॅराबेन फारच सौम्य. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये मुद्दाम जाहीर केलं की पॅराबेनची ॲलर्जी क्वचितच होते. त्याच संस्थेने 2013 मध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोनला 'वर्षाचा ॲलर्जन', म्हणजे ॲलर्जी उठवणारं त्या वर्षीचं लक्षवेधी द्रव्य, ठरवलं होतं.

युरोपात हे कसं घडलं ते बाईंनी मला समजावून सांगितलं. 2005 पासून तिथे मिथाइलआयसोथायाझोलिनोन जोडीदाराशिवाय, एकटंच वापरायला परवानगी मिळाली, दहा हजार भागांत एक भाग. प्रमाण एवढंसं, पण त्वचेच्या दवाखान्यांत रुग्ण वाढत गेले. लहान मुलं पुसायच्या वाइप्समधून ॲलर्जी झालेल्या सहा मुलांची नोंद 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापली. शेवटी 2017 मध्ये अंगावर तसंच ठेवायच्या प्रसाधनांत, म्हणजे क्रीम, लोशन, वाइप्समध्ये, युरोपने ते पूर्ण बंद केलं आणि 2018 मध्ये धुऊन टाकायच्या वस्तूंत लाख भागांत दीड भागावर आणलं.

या ॲलर्जीला कायमचं औषध नाही. मलमाने उठलेलं बसतं, पण ते द्रव्य पुन्हा अंगाला लागलं की पुन्हा उठतं. टाळणं हाच उपाय, आणि टाळायचं तर वाचता आलं पाहिजे. माझ्या पाकिटात ती चिठ्ठी कायम असते. दुकानात उभी राहून, मोबाइलने फोटो काढून, मोठा करून मी बाटलीची मागची बाजू वाचते. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक आधी, जास्तीपासून कमीकडे येतात आणि बाकीचे नंतर कोणत्याही क्रमाने, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह बहुतेक शेवटाकडे सापडतं. असं वाचून मी पार्लरमधला शाम्पू बदलला, भांड्यांचं लिक्विड बदलून वडी आणली, आत सुती आणि वर नायट्राइलचे हातमोजे घालायला लागले. चार महिन्यांत हात भरून आले. आता मी पुन्हा भाकरी थापते.

माझ्याकडची एक मुलगी मलकापूरहून येते. यंदा उन्हाळ्यात तिच्याही बोटांना तसंच व्हायला लागलं. पार्लरमधलं सगळं मी तपासलेलं होतं, म्हणून तिला म्हटलं, घरी वापरतेस ते घेऊन ये. ती शाम्पूच्या तीन पुड्या आणि गोरं करायच्या क्रीमची एक लहान ट्यूब घेऊन आली. चारांपैकी एकावरही घटकांची यादी नव्हती. कंपनीचं नाव होतं, किंमत होती, बॅच नंबर होता, हसऱ्या बाईचा फोटो होता. त्याच नावाची मोठी बाटली दुकानात जाऊन वाचली, पण बाटलीत आणि पुडीत तेच असतं हे मला कोण सांगणार?

मला वाटलं हा कंपन्यांचा चोरटेपणा. चौकशी केली तेव्हा कळलं की नियमच तसा आहे. घटकांची यादी छापणं सक्तीचं आहे, पण 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घट्ट किंवा अर्धघट्ट माल असेल तर ती छापली नाही तरी चालतं. आता आपल्या भागात कुठल्याही किराणा दुकानात जाऊन बघा. दारात माळांसारख्या काय लटकतात? पुड्याच. ऊसतोडीला आलेल्या बायका, धुणीभांडी करणाऱ्या, हॉस्टेलवरच्या मुली बाटली घेत नाहीत, एक-दोन रुपयांची पुडी घेतात. आणि धुण्याभांड्याच्या कामामुळे ज्यांचे हात आधीच पाण्यात भिजून उललेले असतात, त्यांच्या कातडीत अशी द्रव्यं लवकर शिरतात. अडीचशे रुपयांची बाटली घेणाऱ्या मला आत काय आहे ते वाचता येतं आणि माझ्याच हाताखालच्या मुलीला येत नाही, हे मला सहन होत नाही.

पुडीवर जागा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. युरोपच्या कायद्यात लहान वस्तूंना सूट नाही. वेष्टनावर मावत नसेल तर सोबत चिठ्ठी किंवा टॅग द्यायचा, तेही शक्य नसेल तर जिथे माल विकायला ठेवला आहे तिथे जवळ यादी लावायची. आपल्याकडे पुड्यांची माळ कंपनीच छापून पाठवते. त्या माळेच्या वरच्या पट्टीवर यादी छापायला किती खर्च येतो? किमान प्रिझर्व्हेटिव्हचं नाव तरी प्रत्येक पुडीवर हवं, आणि भिंगाशिवाय वाचता येईल एवढं ठळक. हा नियम केंद्राचा आहे, म्हणून आमच्या खासदारांना मी याच मजकुराचं पत्र पाठवलं आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्या बाजूने केंद्राकडे ही मागणी करावी. आणि जिल्ह्याच्या प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पॅच टेस्ट मिळावी. तीन दिवसांच्या तीन फेऱ्या आणि तीन दिवसांचा बुडालेला रोज, एवढं करून कोल्हापूरला जाणं सगळ्यांना जमत नाही.

दिवाळी जवळ आली आहे. घरं रंगतील, पार्लरमध्ये गर्दी होईल. ज्यांचे हात किंवा पापण्या महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत, त्यांनी मेडिकलमधून ट्यूब आणण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल विचारावं, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात. माझ्याकडच्या त्या मुलीच्या पाठीवर येत्या सोमवारी पट्ट्या लागणार आहेत. त्या आठवड्याचा तिचा पगार मी कापणार नाही. त्या चार रिकाम्या पुड्या-ट्यूबही तिच्याबरोबर देणार आहे, पण डॉक्टरांना त्यांवर वाचण्यासारखं काही सापडणार नाही.

आपली,
एक पार्लरचालक, कराड
(पूर्ण नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)