आर्मीचा ट्रिगर जड का असतो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रायफल शूटिंगवरचा लेख वाचला. ठाणे-नवी मुंबईतली पोरं एअर रायफल घेऊन क्लबात जातायत हे वाचून बरं वाटलं, पण त्यात एक वाक्य होतं की बाहेरून घेतलेला मॅच ट्रिगर, म्हणजे स्पर्धेसाठीचा हलका ट्रिगर, बसवला की रायफल मिलिटरीपेक्षाही भरवशाची होते, आणि त्याच पानावरच्या फोटोत ट्रिगरला बाण दाखवून खाली "घोडा" असं छापलंय. अहो घोडा म्हणजे हॅमर, जो जाऊन आपटतो तो. आपण बोट ठेवतो तो चाप. मी ईएमईमध्ये, म्हणजे आर्मीच्या दुरुस्ती खात्यात, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, बावीस वर्षं रायफली उघडल्या आणि जोडल्या, आता कळव्याला घरी बसून पेपर वाचतो, त्यामुळे असं काही दिसलं की हात शिवशिवतात, म्हणून हे पत्र.

माझा भाचा ऐरोलीला असतो, आयटीत आहे, शनिवार-रविवार एअर रायफल मारतो आणि उरलेल्या वेळात अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघतो. मला म्हणाला, मामा, तुमच्या आर्मीचे ट्रिगर एवढे जड आणि खरखरीत का असतात, तिकडे दोन-अडीचशे डॉलर टाकले की लोण्यासारखा ट्रिगर मिळतो. आता हे अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. अमेरिकन आर्मीच्या एम-१६, एम-४ या रायफलींच्या ट्रिगरला साडेपाच ते साडेनऊ पाउंड एवढी सूट आहे, म्हणजे अडीच किलोपासून पार सव्वाचार किलोपर्यंत काहीही आलं तरी रायफल पास. त्यात ज्या एम-१६ आणि एम-४ ला तीन गोळ्यांचा बर्स्ट (एकदा चाप ओढला की तीन गोळ्या) होता, त्यांच्यात आत एक दातेरी चकती फिरते आणि ती कुठल्या दातावर थांबलीय त्यावर एकेक गोळी मारतानाही चाप कधी हलका लागतो कधी जड. नेम धरणाऱ्याला याच्याइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही. पुढे त्यांनी एम-४ काढून एम-४ए१ केल्या आणि बर्स्ट गेला, त्यामागे हेही एक कारण होतं. आणि त्यांच्या स्पेशल फोर्सवाल्यांनी तर गायसली नावाच्या बाहेरच्या कंपनीचा डबल पुलवाला ट्रिगर घेतला, म्हणजे चाप आधी थोडा मागे येऊन अडतो आणि मग दुसऱ्या ओढीला गोळी सुटते, त्याच घराण्यातला सिव्हिलियनसाठीचा जो आहे तो साडेचार पाउंडाचा, पहिला पुल अडीच आणि दुसरा दोन. म्हणजे बाहेरचा माल म्हणजे खेळणं असं म्हणणारा मी नाही. एनसीसीत ज्यांनी थ्री-नॉट-थ्री ही जुनी रायफल मारलीय त्यांना फर्स्ट पुल सेकंड पुल काय ते सांगायला नको, ती आयडिया शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

पण हलका असणं वेगळं आणि भरवशाचा असणं वेगळं, लेखात नेमकी इथे खिचडी झालीय.

चाप हलका करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आतली स्प्रिंग मऊ टाकायची. बोटाला छान लागतं, दुकानात खटखट करून बघितलं तर वाटतं वा. पण मऊ स्प्रिंगचा घोडा फायरिंग पिनवर आपटतो पण मऊच, आणि मिलिटरीच्या काडतुसाचं प्रायमर, म्हणजे बुडाची ती टिकली जी पिनने टोचली की दारू पेटते, मुद्दाम टणक ठेवलेलं असतं. मुद्दाम अशासाठी की या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा भाग, जोरात पुढे गेला की पिनही पुढे जाऊन प्रायमरला टोचते, प्रायमर नाजूक असेल तर चाप न ओढताच गोळी सुटेल. सुरुवातीच्या एम-१६ मध्ये हा त्रास झाला म्हणून त्यांनी पिनच हलकी केली. आता एकीकडे टणक प्रायमर, दुसरीकडे मऊ स्प्रिंग, म्हणजे शंभरातली एखादी गोळी नुसती टक करून राहणार. प्रायमरवर बारीक खड्डा पडलेला दिसतो, बाकी काही नाही. रेंजवर असं झालं तर हात वर करायचा. चौकीवर कुणाला हात दाखवणार?

व्हिएतनामात एम-१६ अडकायची ती ट्रिगरमुळे नाही, पण गोष्ट याच जातीची आहे. काडतुसातली दारू बदलली, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, क्रोम नव्हतं, वर पोरांना सांगितलं की ही रायफल साफ करावी लागत नाही, क्लीनिंग किटसुद्धा धड पोचले नव्हते. १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने चौकशी केली. एकेक बदल करणाऱ्याला आपापल्या जागी तो बरोबरच वाटला असणार.

बाहेरच्या ट्रिगरमध्ये अजून एक प्रकार येतो, सगळं एका डब्यात बंद, कॅसेटसारखा टाकला की झालं. बसवायला सोपा, कबूल. पण डबा बंद म्हणजे आत गेलेली माती, काजळी बाहेर काढणं कठीण, आणि बऱ्याचशांचं बूड बारक्या स्क्रूंनी आवळलेलं असतं, ते ढिले पडले की चाप कधी कसा लागेल याचा नेम नाही. आर्मीचे सुटे पार्ट दोन पिनांवर बसलेले, दिसायला गावठी, पण पाणी ओता, हलवा, पुसा, पुन्हा चालू.

आता जड का, तर माझ्या शेजारी एक गृहस्थ राहायचे, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतनं रिटायर झालेले, त्यांचं आयुष्य गेजमध्ये, म्हणजे पार्ट मापात आहे का ते तपासायच्या साच्यांमध्ये, गेलं. गो गेज गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये, एवढंच ते दिवसभर बघायचे. त्या दोन गेजांच्या मधल्या जागेत जे बसतं त्याला मिलिटरी स्पेसिफिकेशन म्हणतात. सगळ्यात चांगलं असा त्याचा अर्थच नाही हो. अर्थ एवढाच की ह्या रायफलीचा पार्ट काढून त्या रायफलीत टाकला तर कानस न लावता बसला पाहिजे, रात्री, बर्फात, हातमोजे घालून, आणि तीन दिवस न झोपलेल्या पोराच्या हातून दचकून सुटता कामा नये. एवढं सगळं सांभाळायचं तर चाप जडच राहणार.

आमच्याकडे एकदा एका जवानाने युनिटच्या कॉम्पिटिशनआधी सिअरला, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या पार्टाला, गुपचूप ऑइल स्टोन (घासायचा दगड) मारला. पुल मस्त झाला, मेडलही आलं. पण ह्या पार्टांना वरवर टणक कातडं असतं आणि आत लोखंड मऊ, कातडं घासलं गेलं की पुढची झीज भराभर होते. काही महिन्यांनी इन्स्पेक्शनला ती रायफल माझ्या हातात आली, रिकामीच कॉक करून, म्हणजे घोडा मागे ओढून, बट (मागचा दस्ता) रबरावर आपटला, घोडा पडला. दुसऱ्यांदा आपटला, परत पडला. मी काही बोललो नाही, पार्ट काढून स्क्रॅपला टाकले, पण त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण मधल्या काळात ती रायफल भरून किती जणांच्या मागे चालली असेल ते मला ठाऊक होतं.

म्हणजे कंपनीचा तो चांगला आणि बाहेरचा तो वाईट, असंही नाही हं. रेमिंग्टन ७०० ही शिकारवाल्यांची अमेरिकेतली गाजलेली रायफल, तिचा एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीचाच होता, तरी २०१४ मध्ये त्यांना मे २००६ पासूनच्या सगळ्या रायफली परत मागवाव्या लागल्या, कारण असेंब्लीत चिकटवायचं केमिकल जास्त लागलं होतं आणि चाप न ओढता गोळी सुटू शकत होती. आपल्या रिक्षावाल्यांना हे बरोबर कळतं. ते गॅरेजवाल्याला ओरिजिनल का लोकल एवढंच विचारून थांबत नाहीत, कुणी कुणी टाकलाय आणि किती चालला तेही विचारतात.

आणि ते "मिल्ट्री ग्रेड" नावाचं भूत. ठाणे स्टेशनबाहेर दीडशे रुपयाच्या मोबाइल कव्हरवर पण तेच लिहिलेलं असतं. त्यामागे मिल-स्टँडर्ड ८१० नावाची अमेरिकन चाचण्यांची वही आहे, त्यात वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडायची वगैरे पद्धत दिलीय, पण कव्हरवाल्याने खरंच पाडलं का ते बघायला कुणी येत नाही. अमेरिकेत ट्रिगरच्या पाकिटावर मिल-स्पेक (मिलिटरी स्पेसिफिकेशन) छापलेलं असतं त्यातही सरकारी इन्स्पेक्टरने गेज लावलेला असेलच असं काही नाही.

क्लबातल्या पोरांच्या आईवडिलांना मात्र वेगळं सांगायचंय. मॅच एअर रायफलीचा ट्रिगर फॅक्टरीतूनच शंभर ग्रॅमच्या आत सेट होतो, आणि १० मीटर एअर रायफलला कमीत कमी वजनाची अटच नाही. एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम आहे, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम, तिथे खरोखर वजन लटकवून बघतात. तेव्हा एअर रायफलला बाहेरचा ट्रिगर हवाच कशाला? टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल भर मॅचमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल दोन पॉइंटनं हुकली, आठवत असेल. एवढ्या वरच्या लेव्हलला, एवढ्या भारी पिस्तुलाचं हे झालं. आणि कुणी खऱ्या रायफलीसाठी ट्रिगर ऑनलाइन मागवायचा विचार करत असेल तर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग पण धरलेत, लायसन्सशिवाय ते मोबाइल कव्हर मागवल्यासारखं मागवता येत नाही. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

भाच्याला मी शेवटी एकच विचारलं, वर्षभरात तुझी रायफल चाप ओढून वाजली नाही असं किती वेळा झालं? म्हणाला एकदाही नाही. मग बदलतोस कशाला? तर म्हणे क्लबातल्या मित्राने बदलला.

असो. तेवढा फोटोखालचा घोडा पुढच्या रविवारी दुरुस्त करा.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर, कळवा (ठाणे)