टँगो आणि ‘जरा वाढवा’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्यातल्या एका हौशी तंतुवाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचे परीक्षण आपल्या पुरवणीत वाचले. व्हायोलिन आणि तंतुवाद्यांसाठी लिहिलेली टँगोच्या, म्हणजे अर्जेंटिनातल्या नाचाच्या संगीताच्या, धर्तीची रचना रंगली नाही, कारण स्केल मायनर (कोमल गंधाराचे) म्हणून ती उदास आणि लयही संथ, असे परीक्षकांचे मत आहे. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत मीही बसलो होतो. रंगली नाही हे शंभर टक्के मान्य. कारणे मात्र दोन्ही पटली नाहीत.

आधी लयीचे बघू. आमच्यातल्याच एका तरुणाने ही रचना डी मायनरमध्ये लिहिली आहे आणि कागदावर मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजण्याच्या यंत्राची, खूण आहे हाफ नोट (दोन मात्रा) बरोबर 60, म्हणजे क्वार्टर नोटच्या (एका मात्रेच्या) हिशेबाने मिनिटाला 120. चेलो आणि डबल बेस चारही मात्रा चालतात, मुख्य व्हायोलिनचा सूर मात्र दोन-दोन, चार-चार मात्रा लांबतो. खालचे ऐकाल तर मध्यलय, वरचे ऐकाल तर विलंबित. तालमीत आयोजकांनी वरचे ऐकले आणि म्हणाले, “जरा वाढवा हो, पब्लिक झोपेल.” वाढवली. कार्यक्रमात आम्ही 60 ने नव्हे, 72 ने वाजवत होतो. आणि परीक्षकांना ते संथ वाटले!

यात त्यांच्या कानाचा दोष नाही. केरव्याच्या आठ मात्रा हातावर मोजा आणि टाळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर द्या. तीन, तीन, दोन. शेवटचा तुकडा आखूड पडतो आणि पुढच्या समेवर ढकलून देतो. आस्तोर पियाझोला (1921–1992) या अर्जेंटिनाच्या संगीतकाराच्या टँगोचा कणाच हा आहे. तंतुवाद्यांवर तो ठोका द्यायचा तर गज मुठीपाशी धरून आखूड, तुटक चालवावा लागतो आणि लगेच तारेवरून उचलावा लागतो, कारण ठोक्यानंतरची पोकळी ऐकू आली पाहिजे. 72 ला गज उचलायला सवडच मिळेना. ठोके एकमेकांना चिकटले, डबल बेसची जाड तार मुळात बोलायलाच वेळ घेते, तिचा नुसता घुमारा उरला. मधे एके ठिकाणी घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) पलीकडे गज घासून खरखरीत आवाज काढायचा आहे. टँगोवाल्यांची ती खास करामत. तिथे गज पलीकडे न्यायचा आणि पुन्हा जागेवर आणायचा. आमच्यापैकी निम्म्यांनी ती जागा सोडूनच दिली. ठोकाच सपाट झाल्यावर श्रोत्याला वेग कळणार कशाने?

आता पट्टी. मुळात रचनेत गाणे नाही. आयोजकांनी आग्रहाने मधे एक आलाप घातला आणि गायिकेला काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट, हवी होती. तिचे काहीच चुकले नाही, गळा तो गळा. आपल्या संगीतात सा कुठेही धरता येतो, त्यामुळे यात एवढे काय, असे सगळ्यांना वाटले. बँडोनिऑनचा (टँगोतल्या भात्याच्या वाद्याचा) भाग वाजवणाऱ्या कीबोर्डवाल्याने पट्टी बदलणारे ट्रान्सपोजचे बटण दाबले आणि तो मोकळा झाला. व्हायोलिनला बटण नसते. मी उमेदीची वर्षे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये काढली. तिथेही गायकासाठी स्केल बदलायचे, पण नोटेशनचा कागद नव्याने लिहून हातात पडायचा. इथे डी मायनरचा कागद समोर ठेवून ई फ्लॅट मायनर वाजवा म्हणाले.

वाजवलेही असते, पण अडचण निव्वळ वाचण्याची नाही. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. चारही डी मायनरमध्ये बसतात. ए तारेवर तिसरे बोट ठेवून डी वाजवा. बोट नेमके पडले तर शेजारची मोकळी डी तार कोणी न छेडता थरथरताना डोळ्यांना दिसते. पंधरा-वीस वाद्यांत हे एकदम होते तेव्हा सभागृह भरते. ई फ्लॅट मायनरमध्ये, चढताना लागणारा डी सोडला, तर एकही मोकळी तार कामाची नाही. व्हिवाल्डीने 1725 साली छापलेल्या ‘चार ऋतू’ या व्हायोलिनच्या रचनांत उन्हाळा जी मायनरमध्ये आहे आणि हिवाळा एफ मायनरमध्ये. उन्हाळ्याच्या मुख्य त्रिस्वरात (तीन स्वरांच्या कॉर्डमध्ये) दोन मोकळ्या तारा येतात, हिवाळ्याच्या त्रिस्वरात एकही नाही. त्याला गारठाच हवा होता. आम्हाला नको होता.

राहिला मायनर म्हणजे उदास हा मुद्दा. टँगोगायक कार्लोस गार्देलचे 1935 चे ‘पोर उना काबेसा’ पुष्कळांनी ऐकले असेल. त्याचा अंतरा मेजरमध्ये (शुद्ध गंधाराच्या स्केलमध्ये) आहे, ध्रुपद मायनरमध्ये, आणि गाणे पेट घेते ते ध्रुपदावर. आपल्याकडे भैरवी ऐकून कोणी रडत घरी जात नाही.

पुढचा कार्यक्रम वाशीत आहे, आयोजक दुसरे आहेत. तेव्हा डी मायनर, हाफ नोट 60, आलाप नाही. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजच्या बटणावर चिकटपट्टी लावूनच यायला सांगितले आहे. आपले परीक्षक जरूर पाठवावेत, तेच आले तर उत्तम.

आपला,
एक निवृत्त व्हायोलिनवादक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)