दाराला कान लावून काढलेली रात्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हेलियमच्या फुग्याला बांधून आभाळात सोडलेला माझा कॅमेरा परत मिळाल्याचे मी तुम्हाला फोनवर कळवले खरे, पण त्या वेळी मी नुसते आकडेच सांगत राहिले आणि आभार मानायचे राहून गेले. ते आता चारचौघांत मानते आहे, कारण तुमच्याआधी मी ज्यांचे उंबरठे झिजवले त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी हे वाचनात यावे, अशी माझी थोडी कुजकट इच्छा आहे.

फुगा कुठे आहे हे कळवणारा पहिल्या खेपेचा ट्रॅकर ज्यांनी विकला त्यांनी ‘कितीही उंचीवर चालतो’ अशी छातीठोक ग्वाही दिली होती. जीपीएसचे अनेक रिसीव्हर सुमारे १८ किलोमीटरच्या वर स्थान सांगणे थांबवतात, कारण क्षेपणास्त्रांत त्यांचा वापर होऊ नये म्हणून ती मर्यादा घातलेली असते, आणि फुग्यासाठी उंचीवर चालणारा मोड असलेलाच रिसीव्हर घ्यावा लागतो, हे मला फुगा हातातून सुटल्यानंतर समजले. हेलियम देणाऱ्यांनी ‘भरपूर भरा, म्हणजे भरपूर वर जाईल’ असे सुचवले होते. प्रत्यक्षात जास्त भरलेला फुगा भरभर चढतो आणि ताणाची मर्यादा लवकर गाठून कमी उंचीवरच फुटतो. त्या खेपेचा कॅमेरा कुठे पडला हे आजतागायत कळलेले नाही. त्यानंतर ज्या एका जाणकारांकडे गेले, त्यांनी कॅमेरा ठेवायचा माझा थर्माकोलचा डबा बोटाने टिचकावून पाहिला आणि ‘छंद चांगला आहे’ म्हणून वाटेला लावले.

तुम्ही नोकरीची सारी वर्षे वेधशाळेतून दिवसातून दोनदा फुगे सोडण्यात घालवलीत. हसण्याचा अधिकार असलाच तर तो तुम्हालाच होता. तुम्ही मात्र एकच प्रश्न विचारलात, ‘यात सेल कुठले आहेत?’ साधे अल्कलाइन, असे मी म्हणताच तुम्ही डबा मांडीवर घेतलात आणि म्हणालात, ‘आजची रात्र हा माझ्याकडे राहू दे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याबरोबर तुम्ही मला एक कागद दिलात. फ्रीजरमध्ये डबा ठेवल्याची वेळ रात्री ९.३०, आणि त्याखाली दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. १०.३० ला ‘चालू’, १०.४५ ला ‘बंद’. मग तुम्ही संध्याकाळीच आणवून ठेवलेले लिथियमचे सेल घातल्याची नोंद, आणि १२ पासून पहाटे ३.४५ पर्यंत ओळीने सोळा वेळा ‘चालू’. दार उघडले तर गारवा निघून जाईल, म्हणून दर खेपेला तुम्ही फ्रीजरच्या दाराला कान लावून शटरबरोबर वाजणारी बीप ऐकत होतात, हे मला काकूंकडून कळले. तुम्ही स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. उणे १८ अंश म्हणजे काही वरचा उणे ६० अंशांचा गारठा नव्हे, पण डब्याच्या आत बाहेरइतकी थंडी कधीच शिरत नाही, आणि जो सेल घरच्या फ्रीजरमध्ये दमतो त्याच्याकडून आभाळात काय अपेक्षा ठेवायची, एवढेच तुमचे स्पष्टीकरण होते. ते ऐकून मी मनातल्या मनात हिशेब केला. फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो, म्हणजे माझ्या जुन्या सेलांनी २२ किलोमीटरच्या आसपासच डोळे मिटले असते. डब्यात हात गरम ठेवायच्या पुड्या घालण्याचा माझा बेतही तुम्हीच मोडून काढलात, कारण त्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात आणि ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतका उरतो.

परवानग्या, पॅराशूट, वाऱ्याचे अंदाज यांत मदत करणारे पुढे पुष्कळ भेटले आणि त्यांचेही माझ्यावर ऋण आहे. पण स्वस्तातल्या, जुन्या, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी कोणी पहाटेपर्यंत जागते, आणि तेही सरकारी निरीक्षणाची नोंद करावी तितक्या काटेकोरपणे, हे पाहिल्यावर मला माझ्या कामाची पहिल्यांदा लाज वाटेनाशी झाली. पैसे कमी असले की माणसे आपला प्रश्नही हलका धरतात, याची मला इतकी सवय झाली होती की तुमची सभ्यता ओळखायलाच मला वेळ लागला. समोरच्याची ऐपत न पाहता त्याच्या कामाकडे पाहणारी माणसे आहेत, म्हणून माझ्यासारख्यांचे काही ना काही वर जाते.

२९ किलोमीटरवर फुगा फुटला, तोवर आणि त्यानंतर खाली येईपर्यंतही कॅमेरा चालू होता. दुपारच्या उन्हात काळेभोर दिसणारे आकाश आहे, खाली हवेची निळी पातळ कड आहे, आणि क्षितिजाचा बाकही आहे, ज्यातला बराचसा भिंगाचा खेळ असेल असे तुम्ही आधीच बजावले होतेत.

त्या कागदाच्या तळाशी तुम्ही ‘परत मिळाला’ असे लिहून पुढे वेळेची जागा कोरी सोडली होतीत. मी ती भरलेली नाही. रविवारी कागद, पेन आणि कॅमेरा घेऊन येते. ती वेळ तुमच्याच अक्षरात हवी आहे.

तुमची नम्र,
फ्रीजर अडवून ठेवणारी