नाणे कुठे सापडले, तेही लिहून ठेवा

मा. संपादक,

चिपळूणला नुकतेच जुन्या नाण्यांचे आणि नोटांचे प्रदर्शन भरले होते. सकाळी दार उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत मी तिथेच होतो. माझी उभी नोकरी एसटीत वाहक म्हणून गेली. चौकोनी पाच पैसे, षटकोनी वीस पैसे, कातरलेल्या कडेचे दहा पैसे हे सगळे रात्रीच्या गाडीत दिवा नसतानाही बोटांना कळायचे. नाण्यांची ओढ तिथून लागली. प्रदर्शन चांगलेच होते, आयोजकांनी मेहनत घेतली होती. तरी एक गोष्ट राहून गेली, तेवढ्यासाठी हे पत्र.

एका टेबलावर चांदीची एक तार ठेवली होती. मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, आणि तिच्यावर ठशातली फारसी अक्षरे अर्धीमुर्धी उमटलेली. ही लारी. नाव इराणातल्या लार शहरावरून पडले. सोळाव्या-सतराव्या शतकात हे नाणे इराणच्या आखातापासून मालदीव आणि श्रीलंकेपर्यंत चालत होते. विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या, आणि त्या दाभोळ बंदराच्या नावाने! माझे घर धोपाव्याचे. खाडीपलीकडे दाभोळ, फेरीबोटीत बसले की पोहोचलो. तिथली अंडा मशीद लहानपणापासून पाहत आलो, पण दाभोळच्या नावाचे नाणे असते हे कुणी सांगितले नव्हते. ते भिंगाखाली प्रथमच पाहत होतो.

विक्रेत्याला विचारले, "ही सापडली कुठे?" तो भला माणूस होता. म्हणाला, "काका, मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली. त्याने कुठून घेतली, ते त्याला तरी कुठे ठाऊक असणार!" किंमत मात्र नेमकी सांगितली, आणि काट्यावर ठेवून वजनही दाखवले.

माझी तळमळ इथेच आहे. एकोणिसाव्या शतकात संगमेश्वरला लाऱ्यांचा साठा सापडला, त्याची गावासकट नोंद झाली. म्हणून आज आपण म्हणू शकतो की ही बंदरातली चांदी शास्त्री नदीच्या काठाने आत संगमेश्वरपर्यंत गेली होती. गावाचे नाव लिहिले नसते, तर त्या नुसत्या चांदीच्या तारा उरल्या असत्या. टेबलावरच्या त्या लारीचे तसेच झाले आहे. ती गुहागरची, चौलची की परदेशातून आलेली, हे आता कायमचे पुसले गेले.

पुढच्या टेबलांवर आंग्र्यांच्या अलिबागचा रुपया होता, जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता, पोर्तुगिजांची क्रूस असलेली नाणी होती. या एका किनाऱ्यावर किती सत्तांचा पैसा फिरला! आणि एका ताटात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, ढिगाने पडलेल्या, हव्या तेवढ्या निवडून घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या नंतरही पेशवाईभर ठिकठिकाणच्या टांकसाळींत ही नाणी पडत राहिली. अक्षरांचे वळण, वजन, दुदांडी म्हणतात त्या शिवराईवरच्या दोन रेघा पाहून जाणकार काळ सांगतात. पण कोणती शिवराई कोणत्या भागात चालली, हे ती कुठल्या मातीतून निघाली यावरच कळणार. ताटात एकत्र झालेल्या नाण्यांना ते कसे विचारणार?

आमच्या वाडीत शेजारच्या वहिनींना काजूचा खड्डा खणताना शिवराई मिळाली. त्यांनी ती मोठ्या मायेने आमसुलाने घासून लख्ख केली आणि देव्हाऱ्यात ठेवली. तांब्याची भांडी आपण अशीच घासतो, त्यांना दोष नाही. पण आमसुलाच्या आंबटाने वरचा जुना थर जातो, त्याबरोबर अक्षरांची धारही जाते. मग आपली खारी हवा उघड्या तांब्याला पुन्हा खाऊ लागते. नाणे सापडले तर घासू नका, कडेने धरा, कोरड्या कागदात ठेवा. एवढे वाचकांनी घरी सांगितले तरी पुष्कळ.

लोक सापडलेले नाणे दाखवत नाहीत, कारण सरकार घेऊन जाईल ही भीती. 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते: काय मिळाले, कुठे मिळाले, कोणत्या तारखेला. म्हणजे मी मागतो ती नोंद कायद्यानेच मागितली आहे. धनाचा मूळ मालक कुणी पुढे आला नाही आणि ते बेवारस ठरले, तर ज्याला सापडले त्याला तीन चतुर्थांश आणि हक्क मागणाऱ्या जमीनमालकाला उरलेला वाटा, असेही त्यात आहे. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येते. हे गावात कुणी समजावून सांगतच नाही.

समजावून सांगायला येतात ते भलतेच. जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी थोडे शुल्क भरा, असे फोन आमच्या गावातही येतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 साली जाहीर केले आहे. राम-सीता-मारुती असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे 1818 चे म्हणून दाखवतात, ते नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. प्रदर्शनात एक आजोबा ते रुमालात बांधून घेऊन आले होते. एका संग्राहकाने त्यांना बाजूला बसवून शांतपणे सगळे सांगितले, त्या माणसाचे मला मनापासून कौतुक वाटले.

आयोजकांना विनंती आहे. पुढच्या वेळी विक्रीच्या टेबलांइतकेच ठळक एक नोंदणीचे टेबल दाराशीच मांडा. तिथे काटा, भिंग, फोटोची सोय आणि एक जाड वही असू द्या. गाव, वाडी, काय खणताना निघाले, किती खोल, सोबत खापरे किंवा मडके होते का, एवढे लिहून घ्या. नाणे ज्याचे त्याच्याजवळ राहू द्या. कायदा सांगायला तहसील कार्यालयातला एक माणूस बसवा. वहीची प्रत रत्नागिरीला थिबा राजवाड्यातल्या वस्तुसंग्रहालयाकडे पाठवा. कलमांचे खड्डे आणि विहिरी पावसाळ्याआधी खणल्या जातात, तेव्हा प्रदर्शन त्यानंतर लगेच ठेवले तर उत्तम. त्या टेबलावर दिवसभर बसून लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. वहिनींनी त्यांची शिवराई दाखवायचे कबूल केले आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
धोपावे, ता. गुहागर, जि. रत्नागिरी