बाबा, मी रुळांवर काम करून आले

मँचेस्टर, एप्रिल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर बाबा दोन मिनिटांत ‘आईशी बोल’ म्हणतात आणि आई ‘जेवलीस का’वरून सुरू होऊन ‘काय जेवलीस’वर थांबते, म्हणून हे लिहायला बसले. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत छापून दे. आई, बाबांना वाचून दाखवशील तेव्हा मधली वाक्यं गाळू नकोस. तू गाळतेस.

ईस्टरच्या सुट्टीत घरी का आले नाही ते आधी सांगते. तिकीट महाग होतं हे खरंच आहे, दादाने स्वतः बघितलं होतं. पण तिकीट स्वस्त असतं तरी मी बहुतेक आले नसते. सुट्टीतला एक आठवडा मी वेल्समध्ये एका डोंगरातल्या रेल्वेवर काम करायला गेले होते. बिनपगारी. ग्रुपवर नारिंगी जॅकेट आणि फावड्याचा फोटो टाकला तेव्हा आत्याने विचारलं, नोकरी लागली का गं? बाबांनी नुसता अंगठा पाठवला. आत्यापेक्षा त्या अंगठ्याचीच मला जास्त काळजी वाटली.

बाबा, रागावायच्या आधी गाडीबद्दल ऐका. फेस्टिनिओग रेल्वे म्हणतात तिला. 1836 सालची. डोंगरातल्या खाणींमधली पाटी, म्हणजे छपराला घालतात तो काळा दगड, बंदरापर्यंत आणायला बांधलेली, साधारण बावीस किलोमीटरची. रूळ माथेरानच्या गाडीपेक्षाही तेरा मिलिमीटर अरुंद. सगळ्या वाटेला सरासरी 1 ला 92 चा, म्हणजे 92 मीटरला 1 मीटर, उतार राहील अशी आखलेली, त्यामुळे भरलेल्या वाघिणी इंजिनाशिवाय नुसत्या ब्रेकवाल्यांच्या जिवावर खाली यायच्या. रिकाम्या वर ओढायला घोडे. आणि ते घोडे परत येताना त्याच गाडीला जोडलेल्या एका डब्यात उभे राहून खाली यायचे! वाफेची इंजिनं आली ती 1863 मध्ये.

1946 ला ती बंद पडली आणि 1955 पासून हौशी लोकांनी तुकड्यातुकड्याने परत चालू केली. मधला एक भाग वीजकेंद्राच्या तलावाखाली गेला होता. आपल्या घाटघरसारखंच ते, रात्री पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. तर या लोकांनी 1965 पासून तेरा वर्षं खपून डोंगरातून नवी वाट खणली. चढ मिळावा म्हणून एके ठिकाणी रूळ पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातात. खणणाऱ्यांत कितीतरी जण सुट्टी टाकून आलेले. बाबा, तुमच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमधल्या काकांना हे सांगितलंत तर म्हणतील, येडे आहेत का.

आमची गँग म्हणजे बहुतेक सगळे निवृत्त. एक पोस्टमन होते, एक शाळेतल्या बाई. मुकादम सत्तरीचे, आणि रुळावर पाय ठेवला की तुमच्यासारखेच ओरडायचे. गाड्या चालू असल्यामुळे आम्हाला रुळांच्या कडेचं काम होतं. रोडोडेंड्रॉन तोडायचं, जे तिथे आपल्या घाणेरीसारखं माजलंय, आणि गटारं उपसायची. पाऊस रोज. मला वाटलं होतं पहिल्या दिवशी हात सोलवटतील आणि तसंच झालं, पण आता बरे आहेत. खरंच बरे आहेत, आई. फोटो हवा तर पाठवते.

राहायला स्वयंसेवकांचं वसतिगृह होतं. गरम पाणी भरपूर, खोलीत हीटर, अंथरूण कोरडं, बूट भाड्याचे नाहीत, माझे स्वतःचे, घोट्यापर्यंतचे. दुपारी भाजलेला बटाटा आणि चीज, चहा तर दर तासाला. मी मँचेस्टरमधल्या रशमहून बेसन घेऊन गेले होते, एका रात्री सगळ्यांना पिठलं-भात केला. पोस्टमन आजोबांनी तीनदा घेतलं. बाईंनी तिखट लागलं तरी ताट पुसून संपवलं. युनिव्हर्सिटीला विचारूनच गेले होते, तेव्हा व्हिसाची काळजी दादाने करू नये.

मधे एक दिवस सुट्टी होती तेव्हा कार्नार्वनचा किल्ला पाहिला, 1283 ला बांधायला घेतलेला. भव्य आहे, पण माझं लक्ष तिथे नेणाऱ्या गाडीकडे. तिची गॅरेट इंजिनं दक्षिण आफ्रिकेतून आणलेली, आणि त्यांतली काही मुळात बनली इथेच, माझ्या मँचेस्टरमध्ये, बायर पीकॉकच्या कारखान्यात. चढ 1 ला 40. मी शेजारच्या बाईंना सांगून टाकलं की आमच्या कसाऱ्याला 1 ला 37 आहे आणि तिथे मेल गाड्या चढतात. स्नोडनच्या डोंगरावर गेले नाही. ढग होते, आणि आईचा आवाज कानात होता. तसाही तो 1085 मीटर, आपल्या कळसूबाईपुढे लहानच.

आता मुद्द्याचं. या रेल्वेवर एक भराव आहे, केइ माउर. साठएक फूट उंच, नुसते दगड रचलेले, चुना नाही, सिमेंट नाही. इतक्या पावसात तो उभा राहतो कारण पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं, मागे तुंबून भिंतीला ढकलत नाही. तो बघताना मला दरवर्षी मे महिन्यात घाटातली गटारं मोकळी करून घेणारे तुम्ही दिसलात. मी प्रबंधाचा विषय बदलून घेतलाय बाबा. इमारती नाही, रेल्वेचे भराव आणि डोंगरकाप, आणि त्यांतलं पावसाचं पाणी. सरांनी होकार दिला, अर्जही भरून झाला.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. ‘या घरात रूळ माझ्यापाशी संपले.’ बोगद्यापाशीच्या त्या रात्रीनंतर तुम्ही ते म्हणालात आणि आईने दिव्यापुढे माझ्याकडूनही वदवून घेतलं. मी तेव्हा क्वार्टरच्या खिडकीत उभी राहून तुमचा कंदील कधी दिसतो ते बघत बसायचे, आणि झोप लागू नये म्हणून आई मला फुटाणे देत राहायची. मला रात्रीच्या पेट्रोलिंगला जायचं नाहीये. तो माणूस रात्री पावसात कमी वेळा बाहेर पडावा, असं काम करायचंय. माझं म्हणणं चुकीचं असेल तर भांडा, पण अंगठा पाठवू नका.

यामुळे मे-जूनमध्ये येणं होत नाही. प्रबंध सप्टेंबरला संपतो, मग येते, आणि आले की महिनाभर हलणार नाही. गणपती चुकतील. मोदकांचा फोटो पाठवला नाहीत तरी चालेल. पाठवलात तर जास्त बरं.

आई, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. ‘पोरगी आली की बघू’ हे वहिनीने मला सांगितलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत करून घ्या. थेंब घालायला वहिनी आहे, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, माझ्यावेळी तू किती ओरडली होतीस आठव. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, जेवणानंतरची नाही. बाबांनी पन्हळ साफ करायला शिडीवर चढायचं नाही. त्या गुडघ्याने तर नाहीच. दादा करेल, नाहीतर मजूर बोलवा, पैसे मी पाठवते.

आणि बाबा, तुमची ती निळी डायरी. कुठल्या किलोमीटरला कुठल्या साली पाणी यायचं, दरड कुठे सुटायची, ते सगळं तुम्ही लिहून ठेवलंय. ती रद्दीत गेली नसेल अशी आशा आहे. दादाला सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा, तारखा दिसतील असे. तुमचं अक्षर मला लागतं, पण आकड्यांत सात आणि एक सारखेच दिसतात, तेवढं बाजूला बसून त्याला सांगा.

तुमची,
सोनी

ता. क. आई, मेतकूट संपलं. मामी जूनमध्ये लंडनला येतेय, तिच्याबरोबर दे. थोडंच दे, तिची बॅग भरून टाकू नकोस.