ढमीचं नाव त्याला कसं कळलं

कऱ्हाड
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय मंगे,

तीन आठवड्यांत तुझे सात फोन आले आणि मी एकही उचलला नाही. तिळगुळाचा डबा मिळाला, त्याचीही पोच दिली नाही. आईचं काहीतरी झालं असेल असं तू धरून चाललीस, कुंदालाही तसंच सांगितलंस म्हणे. आई ठीक आहे. शुगर १४० च्या आसपास, पाठीची जखम भरत आलीय. माझा गुडघा होता तसाच. फोन उचलला नाही तो तुझ्यामुळे.

आता चिडून पत्र बाजूला टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच. फोनवर हे बोलणं जमलं नसतं. तू तिसऱ्या वाक्याला भांडायला उठली असतीस आणि मग मूळ गोष्ट राहून गेली असती, कुंदाच्या लग्नातल्या आहेरासारखी.

१७ जानेवारीची रात्र. आईला कुशीवर वळवलं, दिवा बारीक केला आणि ओव्या उतरवायला बसले. आधी मेल उघडला. सगळ्यात वर एक इंग्रजी मेल होता आणि विषयाच्या जागी एकच शब्द. ढमी१७. इंग्रजी अक्षरांत, आपण लिहायचो तस्सा.

मंगे, आपली ढमी! सतरा नंबरच्या खोलीत रेक्टरबाईंच्या नाकावर टिच्चून दोन वर्षं वाढवलेली मांजर. ती जाऊन तीस वर्षं झाली. तिचं नाव जगात कोणाला ठाऊक आहे? तुला, मला, कुंदाला. आणि खोलीच्या नंबरासकट, पासवर्ड म्हणून, फक्त आपल्या दोघींना. २००७ साली तू आली होतीस तेव्हा स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघी दाटीवाटीनं बसलो होतो. 'पासवर्ड काय ठेवायचा?' असं त्या मुलानं विचारलं आणि दोघींच्या तोंडून एकदमच ढमी निघाली. तो मुलगा बिचारा तिचं स्पेलिंग विचारत बसला.

मेलमध्ये लिहिलं होतं, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये मी शिरलोय. कॅमेऱ्यातून कित्येक महिने तुला बघतोय. सगळं रेकॉर्ड केलंय. ४८ तासांत १५०० डॉलर बिटकॉइनमध्ये भर, नाहीतर तुझ्या मेलमधल्या सगळ्यांना ते पाठवीन.

असं वाचल्यावर लोकांच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. माझ्या मनात ते आलंच नाही. आमच्या घरात तो कॅमेरा कुठे बघतो, सांगू? लॉकडाऊनमध्ये शाळेचे तास घ्यायला आणलेला तो कॅमेरा स्क्रीनवर चिमटा लावून बसवलाय आणि त्याच्या बरोब्बर समोर आईची कॉट आहे. रोज सकाळी साडेसातला लता येते. आम्ही दोघी आईचं अंग पुसतो, डायपर बदलतो, पाठीची जखम धुतो. वाचा गेली, डावं अंग गेलं. पण आम्ही पातळ सोडायला लागलो की तिचा उजवा हात छातीवर फिरायला लागतो, पदर शोधत. रोज. त्या वेळी कॉम्प्युटर बहुतेक चालूच असतो, कारण तिच्याच ओव्या मी तिला लावून देते. शेजारणीसमोरही जिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, तिला कोणीतरी परका माणूस महिनोन्‌महिने असं बघत होता, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. मी उठले आणि आईच्या ड्रेसिंगची चिकटपट्टी फाडून कॅमेऱ्यावर चिकटवली. एक लावली, मग दुसरी. मग राउटरचं बटण बंद केलं आणि कॉटच्या कडेवर बसून राहिले. आई जागीच होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते ओव्यांचं. २१४ ओव्या, तिच्या आवाजातल्या, अर्धांगाच्या आधी टेप केलेल्या. तो आवाज आता त्या कॉम्प्युटरशिवाय कुठेच नाही. हार्ड डिस्क आणली, सगळ्या तिच्यात उतरवल्या आणि डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात घातली, आई तिच्या पाटल्या ठेवायची तिथेच.

मग जे दिसेल त्यात मला तोच माणूस दिसायला लागला. मंगळवारी रात्री पावणेतीनला कॉम्प्युटर आपोआप जागा झाला. पंखा घरघरला आणि स्क्रीनचा उजेड थेट आईच्या तोंडावर पडला. मी अंथरुणातून उठून भिंतीतला प्लगच उपटला. दिवसा बघावं तर माउसचा बाण हात न लावता थरथरे. शेजारच्या काकांना नुसतं विचारलं, की घरच्या कॉम्प्युटरमध्ये असं कोणी शिरतं का, तर त्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची गोष्ट काढली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत ९४ कोटी कसे गेले आणि एटीएममधून पैसे कुठकुठल्या देशांत कसे काढले. बँकेची ही गत, तिथे तुमचं काय घेऊन बसलात, म्हणाले. भला माणूस आहे, पण त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

बुधवारी शोधता शोधता कॉम्प्युटरमध्ये एनीडेस्क सापडलं. दुसऱ्याला लांबून आपला स्क्रीन दिसतो आणि चालवता येतो, ते. मी ते घातलेलं नव्हतं. वाचायला घेतलं तर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं याच ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं, कारण भामटे लोकांना ते घ्यायला लावून खाती रिकामी करत होते. माझ्या पायातलं बळच गेलं. आणि मग आठवलं. दिवाळीत तुझा ओंकार आला होता. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबरात थांबले म्हणून त्यानंच आणखी वर्षभराची सोय करून दिली होती आणि म्हणाला होता, 'मावशी, काही अडलं तर मी तिथूनच बघीन.'

हे पुढचं लिहिताना हात जड झालाय.

मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं यादी केली. ढमी१७ कोणाला माहीत? मंगल. कॉम्प्युटरमध्ये शिरायची वाट कोणाकडे? ओंकार. यादीत दोनच नावं आणि दोन्ही एका घरातली. तुम्ही पैसे मागाल असं क्षणभरही वाटलं नाही, तेवढी माझी मती गेली नव्हती. पण पोरानं मित्रांत गंमत म्हणून काही केलं असेल, तू बोलता बोलता ढमीची गोष्ट त्याला सांगितली असशील, असं वाटायला लागलं. आणि एकदा ते डोक्यात शिरलं की तुझा फोन वाजला तरी स्क्रीनवरचं तुझं नाव बघून मी फोन उशीखाली सरकवायची.

हे तुझ्याबद्दलच का वाटलं, तेही सांगते. १९९० ची ती वही. मी आंघोळीला गेले असताना ट्रंक उघडून तू ती वाचलीस आणि कुंदाला सांगितलंस. तीन महिने आपण शेजारशेजारच्या कॉटवर पाठी करून झोपलो. शेवटी ढमीनं तुझ्या सोलापुरी चादरीवर पिल्लं घातली, त्यांना खोक्यात ठेवायला चार हात लागले, म्हणून बोललो. त्यानंतर तू दरवेळी विचारत आलीस, 'विसरलीस ना गं ते?' आणि मी हो म्हणत आले. विसरले नव्हते, मंगे. पस्तीस वर्षं ते आत कुठेतरी होतं आणि त्या रात्री ढमीचं नाव दिसल्यावर पहिलं तेच वर आलं.

आता ऐक काय निघालं ते. गुरुवारी आईजवळ लताला बसवून एसटीनं साताऱ्याला गेले, सायबर पोलिसांकडे. तिथल्या मुलीनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, 'पैसे पाठवले नाहीत ना ताई?' नाही म्हटल्यावर तिनं मेल वाचला आणि शांतपणे सांगितलं की हा ठरीव मजकूर आहे. २०१८ पासून जगभर फिरतोय, फक्त पासवर्ड बदलतो. लिहिणाऱ्यानं आपला कॉम्प्युटर कधी पाहिलेलाही नसतो. कुठल्या तरी साइटवरून लाखो लोकांचे मेल आणि पासवर्ड चोरीला जातात, त्यांच्या याद्या विकल्या जातात आणि यादीतल्या प्रत्येकाला त्याचाच जुना पासवर्ड दाखवून घाबरवतात. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसानं २०१३ पासून एक साइट चालवलीय, तिथे आपला मेल टाकला की तो कुठल्या चोरीत सापडला ते कळतं. माझा तीन ठिकाणी निघाला. त्यातली एक साइट भाचीच्या स्थळांसाठी मी नाव नोंदवलेली, कधीच विसरलेली. तिथेही मी ढमी१७ च ठेवला होता. मेलचा पासवर्ड तर मी २०१९ मध्येच बदललाय! पण ते त्या रात्री आठवायला डोकं ठिकाणावर हवं ना.

ती मुलगी आणखी एक म्हणाली, ते मला पटलं. 'त्याच्याकडे खरंच काही असतं, तर एक तरी फोटो पाठवला नसता का?' पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा आणि असल्या मेलची तक्रार सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर करायची, हेही तिनं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी फ्रिजवर लावलाय. तूही लिहून ठेव.

पण माझं तेवढ्यानं भागलं नाही. मेल खोटा असेल, कॉम्प्युटरचं काय? शनिवारी बाजारपेठेतल्या प्रवीणला बोलावलं, माझाच विद्यार्थी. तीन तास बसला. ब्राउझरमध्ये नको ते काही चिकटलंय का, माझे मेल गुपचूप दुसरीकडे जातात का, माझं खातं कुठकुठल्या फोनवर उघडं आहे, सगळं माझ्यासमोर पाहिलं. काही नव्हतं. रात्री जाग यायची ती अपडेटसाठी, तशी वेळच लावलेली असते म्हणे. आणि बाण थरथरायचा, कारण संक्रांतीच्या आधी मी टेबलावर काच टाकून घेतली होती. माउस काचेवर भांबावतो. खाली वही ठेवल्यावर गप्प.

मग एनीडेस्क. कोण कधी आत आलं याची नोंद एका बारक्या फाइलीत राहते. तिथे दोन ओळी होत्या. पहिली पाडव्याच्या दुपारची, ओंकारनं इथे बसून आपल्या लॅपटॉपवरून जोडून पाहिलं ती. दुसरी ६ जानेवारी, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. नंबर तोच.

मी खूप वेळ त्या ओळीकडे बघत बसले. ६ जानेवारीला काय होतं? संध्याकाळी मी तुला फोन करून रडले होते, की प्रिंटर चालत नाही, उद्या मुलांची प्रमाणपत्रं द्यायचीत. आणि सकाळी बटण दाबल्याबरोबर चाळीसच्या चाळीस निघाली. मी लताला म्हणाले होते, बघ, देवालाच काळजी.

तूच त्याला सांगितलंस ना? आणि तो ऑफिसातून येऊन, रात्री जागून, गुपचूप नीट करून गेला. त्यात फक्त स्क्रीन दिसतो, कॅमेरा आपोआप दिसत नाही, हे मी प्रवीणला दोनदा विचारून घेतलं. तरी त्याच्याकडून मला ऐकायचंय. रागावू नकोस त्याच्यावर, मी रागावलेली नाही. पण 'मावशी, येऊ का?' एवढं विचारायला हवं होतं. पोर तुझ्यावरच गेलंय. तूही म्हणाली होतीस, चार दिवस मी जेवत नव्हते म्हणून काळजीनं वही उघडली. ते खरंच असणार. कुंदाला का सांगितलंस, ते मात्र मला अजून कळलेलं नाही, आणि यावेळी भेटलो की मी विचारणार आहे.

एनीडेस्क मी काढून टाकलंय. चिकटपट्ट्या काढल्या, पण कॅमेराही सोडवून कपाटात ठेवलाय. आईची आंघोळ आता स्क्रीन बंद करून. ओव्या फोनवर लावते.

तुझं सगळं घाईतच विचारते. फ्लॅटचा ताबा मिळाला का? अनिलभाऊजींच्या पेन्शनचं मार्गी लागलं? ओंकारला ती नगरची मुलगी पसंत पडली का? वास्तुशांतीला येईन म्हणाले होते, आईमुळे जमेल असं वाटत नाही. साडी तुझ्याकडेच राहू दे.

एक काम आहे. प्रवीण म्हणाला, जपायचं असेल ते एकाच घरात ठेवू नका, दुसऱ्या घरी एक प्रत हवी. ओव्यांची दुसरी हार्ड डिस्क करून घेतलीय. उद्या कुरियरनं तुझ्या नावानं पाठवते. त्यात आईच्या ओव्यांबरोबर माझं बाकीचंही सगळं आहे, पत्रं, फोटो, रोजचं लिहिलेलं. पासवर्ड घातलेला नाही. तांदळाच्या डब्यात ठेव, वरणाच्या डाळीत नको, तुझ्याकडे डाळीला पोरकिडे होतात.

बुधवारी रात्री नऊला फोन करते. उचल.

तुझी
सुरेखा